दुसरा अंगठा

सीताबर्डीतल्या सिमकार्डवाल्याने आमच्या लकडगंजातल्या मिस्त्रीला फसवलं, आणि तेही माझ्या डोळ्यांदेखत.

मिस्त्री रंधा मारतो आणि प्रत्येक फळी अंगठ्याने चाचपतो. त्या अंगठ्याच्या रेषा कधीच झिजल्या. रेशनच्या दुकानातही तो दोन-तीनदा लावल्याशिवाय उमटत नाही. साधा फोन त्याला पुरत होता. पुण्यातल्या नातीचा चेहरा दिसेल, असं सांगून मीच त्याला नवा फोन आणि नेटचं सिम घ्यायला नेलं.

"अंगठा नाही आला काका, पुन्हा लावा," सिमवाला म्हणाला. मिस्त्रीने अंगठा पँटला पुसला आणि निमूट पुन्हा लावला. मी तेव्हा फोनचं कव्हर फुकटात मिळवायला हुज्जत घालत होतो.

त्या दुसऱ्या अंगठ्यावर दुसरं सिम निघालं. त्यावरून कुणीतरी लोकांना लुबाडलं आणि पोलीस मिस्त्रीच्या दारात आले.

आधी तो रोज चार वाजता नातीला बघायचा आणि बोलणं झालं की नळ बंद करावा तसं नेट बंद करायचा. आता त्याचा फोन खिळ्यांच्या डब्यात पडून आहे. नात माझ्या फोनवर दिसते, तरी त्याचा रंधा थांबत नाही.

"बोल ना गा तिच्याशी!" मी ओरडतो.

"काहून? तिच्या घरी पोलीस गेले तं?"

सिमवाला अजून म्हणतो, पहिला अंगठा उमटलाच नव्हता. मग मिस्त्रीच्या नावावर सिमं दोन कशी निघाली? याचं उत्तर त्याने इथे येऊन, मिस्त्रीसमोर उभं राहून द्यावं.