'येतो' म्हणून उठलेले दत्ताबाब

मंडळी, आज डिचोलीच्या बुद्धिबळ स्पर्धेत मी जिंकलो. कसा जिंकलो ते आधी ऐका, अभिनंदनाचं मग बघू.

समोर आमच्याच क्लबातले नार्व्याचे दत्ताबाब होते. पुढच्या चालीला मी मात करणार, असं दोघांनाही दिसत होतं. ते पटाकडे बराच वेळ बघत बसले, मग "येतो हां" म्हणत उठले आणि बाहेर गेले. हात मिळवला नाही, राजा आडवा करून हार मानली नाही. मला वाटलं, चहा घेऊन येतील.

घड्याळ त्यांचं चालू होतं. बसल्या बसल्या मी त्यांच्या बाजूने पट बघायला लागलो. त्यांनी घोड्याने शह दिला असता तर माझा वजीर फुकट जात होता. डाव त्यांचाच होता. मग मी दाराकडे बघत बसलो, ते येऊ नयेत म्हणून.

ते आलेच नाहीत. वेळ संपली आणि पंचांनी मला गुण दिला.

बाहेर बसस्टँडवर दत्ताबाब उभे.

"तुम्ही येतो म्हणालात ना?" मी विचारलं.

"मग? घरी निघताना 'जातो' कोण म्हणता मरे? डाव तर गेलाच होता."

घोड्याचं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात नार्व्याची बस आली. चढता चढता ते म्हणाले, "येतो हां."

या वेळी मला अर्थ बरोबर कळला, आणि बरंही वाटलं.

तुम्ही असता तर बस थांबवून सांगितलं असतं?