आईची फटफटी

परवा मानवतच्या स्टँडबाहेर एक जुनी फटफटी भडभडत गेली आणि जळक्या ऑइलचा तो निळा धूर नाकात शिरताच मी थेट आमच्या अंगणात जाऊन पोचले. वडिलांच्या फटफटीला ब्रेक नावालाच होता. घरी आले की ते रेस सोडून पुढचं चाक हळूच कडब्याच्या ढिगात घुसवायचे, आणि वर्षानुवर्षं ते बघून आईची समजूत झाली होती की गाडी थांबवायची रीत हीच. एका सकाळी वडील म्हशीची धार काढत असताना तिनं पदर खोचला, मला मागं बसवलं आणि चौथ्या किकला गाडी सुरू केली. "अगं, ब्रेक लागत न्हाई तिचा!" वडील ओरडले. "तुमी तरी कुठं लावताव?" म्हणत आई निघालीसुद्धा. कोंबड्या उडाल्या, पारावरची माणसं उठून उभी राहिली, मारुतीच्या देवळाला वळसा घालून आम्ही वाऱ्यासारख्या परत आलो. पण कडबा आदल्या दिवशीच गोठ्यामागं हलवला होता आणि त्या जागी बाजारात न्यायचा कापूस पडला होता. आईला ढीग दिसला, तेवढं पुरे होतं. क्षणात सगळं पांढरं झालं. वडील दुधाची बादली घेऊनच धावले, तर कापसातून आईचा आवाज आला, "बंद पडली का वो? आता परत किक मारायला लय तरास!" वडील इतके हसले की निम्मं दूध सांडलं. माझी स्कूटर आता बटणावर सुरू होते, ब्रेकही चांगले लागतात. सत्तरीतली आई मागं बसते, पण "हळू चालव" असं अजून एकदाही म्हणालेली नाही.