साडूभाऊंचं राहिलेलं उत्खनन

नागपुरात अर्धवट पडलेल्या जेवढ्या गोष्टी आहेत, त्यातल्या निम्म्या तरी माझ्या साडूभाऊंनी सुरू केलेल्या असाव्यात, असं माझं जुनं मत आहे. उरलेल्या निम्म्या म्हणजे उड्डाणपूल.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. सारी नोकरी पुरातत्त्वात गेली, म्हणजे जमीन खरवडून जुन्या वस्त्या शोधण्यात. त्यांच्या धंद्यात एक रीत आहे: जागा कधी पूर्ण खोदायची नाही. थोडी राखून ठेवायची, कारण पुढच्या पिढीकडे आपल्यापेक्षा चांगली साधनं असतील. रीत शहाणपणाची आहे, पण साडूभाऊंनी ती घरी आणली. महाल भागातल्या त्यांच्या घरात बैठकीच्या तीन भिंती पिवळ्या आहेत आणि चौथी अजून जुन्या हिरव्या रंगातच आहे. तर्री-पोह्यांच्या बशीतही शेवटचे चार घास उरतात. ताई म्हणतात, "सप्तपदीत हे पाचच पावलं चालले. दोन ठेवली असतील पुढच्या पिढीसाठी."

वस्तू शोधण्याचीही त्यांची पद्धत शास्त्रशुद्ध. एकदा आम्ही लग्नाला निघालो होतो, रिक्षा दारात, आणि घराची चावी सापडेना. साडूभाऊ धुवायच्या कपड्यांच्या ढिगाशी उकिडवे बसून एकेक कपडा अलगद उचलत होते. "थांब बे," मला म्हणाले, "अजून मंगळवारच्याच थरात आहे. चावी सोमवारची." चावी त्यांच्या अंगातल्या सदऱ्याच्या खिशात निघाली. खिसा त्यांच्या मते उत्खननाच्या हद्दीबाहेर होता.

त्यांच्या आयुष्यातलं मोठं काम म्हणजे रामटेकच्या अलीकडच्या एका गावातलं उत्खनन. धानाच्या बांध्यांमधल्या टेकाडावर चार खड्डे घेतले, जुनी वस्ती लागली, चुली लागल्या, पोतीच्या पोती खापरं निघाली. त्याला तीस वर्षं होत आली, पण अहवालाचा पत्ता नाही. आणि अहवालाशिवाय उत्खनन म्हणजे नुसती नासधूस, कारण खणून काढलेला थर परत लावता येत नाही, हे साडूभाऊच प्रत्येक व्याख्यानात सांगायचे. मग मी मागच्या रांगेतून विचारायचो, "अहवाल कुठे?" घरच्या लग्नकार्यांतही माझा हा विनोद हमखास चालायचा.

मागच्या वर्षी एका संस्थेने अशी रखडलेली उत्खननं पूर्ण करायला अनुदान जाहीर केलं. ताईंनी मला बोलावून घेतलं. "यांचा अर्ज भरून द्या. सत्तरी उलटली, आता नाही तर कधीच नाही." मी संगणक उघडून बसलो. 'अहवाल अपूर्ण राहण्याचे कारण' असा एक रकाना आला.

"लिही, काळाचा ओघ," साडूभाऊ म्हणाले.

"आळस लिहू का? एका शब्दात भागेल."

ते हसले नाहीत. आत जाऊन एक लाकडी पेटी ओढत घेऊन आले. पेटीत गांधीबागेच्या कापडबाजारातल्या मांजरपाटाच्या पिशव्या होत्या. तीन खड्ड्यांच्या खापरांवर त्यांनी शाईने नंबर घातले होते. चौथ्याचे घालायचे, अर्थातच, राहिले होते. त्या पिशव्यांत खापरांसोबत नुसत्या कागदी चिठ्ठ्या टाकलेल्या होत्या, आणि त्या वाळवीने खाऊन टाकल्या होत्या. कोणतं खापर कुठून निघालं, हे सांगणारं काहीच उरलं नव्हतं.

"खोदकाम संपलं त्याच्या पुढच्याच वर्षी समजलं," ते म्हणाले. "चुली त्याच खड्ड्यात होत्या. सगळ्यांत चांगला खड्डा मीच नासवला. कोणाला सांगणार होतो?"

तीस वर्षं मी लग्नाच्या पंगतीत कशावर हसत होतो, ते मला तेव्हा कळलं आणि माझी मलाच लाज वाटली. रकान्यात त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं. वाळवी, चिठ्ठ्या, सगळं, आणि शेवटी 'चूक माझी'. अनुदान मिळालं. त्या रकान्यात खरं कारण लिहिणारे बहुधा ते एकटेच असावेत.

पुढचा रस्ता ताईंनी दाखवला. "खोदणाऱ्या बाया गावातच असतील ना? त्यांना विचारा." आम्ही पिशव्या घेऊन गेलो. चौथ्या खड्ड्यात काम केलेली एक बाई भेटली, आता पार पिकलेली. अंगणात पोतं अंथरून साडूभाऊंनी पहिली पिशवी ओतली. बाईने एक खापर उचललं, अंगठ्याने चोळलं.

"हे चुलीपाशचं होय. याले राख चिकटली होती, मीच धुतली." मग दुसऱ्या पिशवीतलं एक. "हे लय खालचं. तिथं ओली माती लागली होती."

साडूभाऊ मांडीवर वही घेऊन भराभर लिहीत होते. इतक्या वेगाने त्यांना काही करताना मी कधी पाहिलं नव्हतं. चार पिशव्या झाल्या आणि बाई अडखळू लागली. खापर उलटसुलट करून बाजूला ठेवू लागली.

"पाहा आठवून, घाई नाही," साडूभाऊ म्हणाले.

"नाही आठवत, साहेब. खोटं काहून सांगू तुमाले?"

सात पिशव्या तशाच राहिल्या. साडूभाऊंनी वहीत त्यांच्यापुढे 'ठिकाण अज्ञात' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. बाई त्यांच्या हाताकडे पाहत होती.

"पयले आले असते त समदं सांगतलं असतं मी," ती म्हणाली. "तवा डोळे मिटले तरी दिसे मले."

साडूभाऊ "हो" म्हणाले आणि पिशव्यांची तोंडं बांधू लागले. एरवी अशा वेळी माझ्याकडे एखादा विनोद तयार असतो. मी त्यांच्या शेजारी खाली बसलो आणि उरलेल्या पिशव्या बांधायला घेतल्या.