शमाभाभीचा उरलेला अर्धा व्हिडिओ

शमाभाभीचा तो व्हिडिओ मी काढला होता.

तीन वर्षं झाली. आज पहिल्यांदा सांगते आहे.

आज भाभीला जाऊन वर्ष झालं.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. कसबा बावड्यात आमच्या समोरच्या दारात राहायची. साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. गल्लीतल्या देवीला नवरात्रात नेसवायच्या साडीचा फॉलही तीच लावायची. त्या दिवशी मशीन पुसून घ्यायची आणि आंघोळ केल्याशिवाय त्या साडीला हात लावायची नाही.

देवळाला लागून देशी दारूचं दुकान. मतदान घेऊन बाटली आडवी करायची, दुकान बंद पाडायचंच, म्हणून आम्ही बायका उठलो. सगळ्यांच्या पुढं भाभी.

बचत गटाची वही माझ्याकडं असते, म्हणून मोबाईलवर शूटिंग करायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

आमचे व्हिडिओ चालायला लागले. ते बघून उचगावच्या बायका टेम्पो करून आल्या. मला वाटलं, देवीनंच हा फोन माझ्या हातात दिला.

मग ती सभा झाली.

भाभीचं भाषण मोठं होतं, ग्रुपवर एका दमात जाईना. मी दोन तुकडे केले. पहिला गेला. दुसऱ्याच्या वेळी त्या दिवसाचा डेटा संपला.

टॉप-अप मारता आला असता. पण सकाळी नवा डेटा येणारच आहे, मग आज कशाला पैसे घाला? माझा स्वभावच तसा.

पहिला तुकडा जिथं संपतो तिथं भाभी म्हणते, "देवीलाच दारू लागती! मग दुकान देवळाजवळच पाहिजे की!"

बस्स. तिथंच संपतो.

सकाळी फोन उघडला तर तोच तुकडा अख्ख्या गावातून फिरून माझ्याकडं परत आला होता. वर लाल अक्षरं. खाली भाभीचं नाव, तिचा धर्म, आमची गल्ली.

कॉमेंटमध्ये काय काय लिहिलं होतं ते मी इथं लिहिणार नाही. हात विटाळतील.

मी दुसरा तुकडा लावला. शेजारी आमचे मालक चहा पीत होते. त्यांनी तो ऐकला आणि कप खाली ठेवला.

"ह्यात आवाज तुझा हाय."

"व्हय."

"मग पाठवू नको. आज तिच्या दारात येतील, उद्या आपल्या. पोरगी लग्नाची हाय."

मी पाठवला नाही.

दुपारी चारला मोटारसायकली आल्या. मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. खाली सगळ्यांचे मोबाईल वर धरलेले. निम्मी तोंडं ओळखीची.

"कॅमेऱ्यात बघून माफी माग!"

"अरं बाबांनो, ते मी न्हाय बोलले. दुकानातला माणूस मला बोलला. पुढचं ऐका की!"

"कुठं हाय पुढचं? दाखव! व्हिडिओ काढला कुणी?"

भाभीनं मान वर केली. मला बघितलं. नीट बघितलं.

"ठाऊक न्हाय," म्हणाली. "गर्दी होती."

मग तिनं हात जोडून माफी मागितली. न बोललेल्या शब्दांची.

तो व्हिडिओही गावभर फिरला. देवीची साडी तिच्याकडं जायची बंद झाली. मतदानाच्या अर्जावर सह्या केलेल्या बायका एकेक करून मागं सरल्या. दुकान आजही चालू आहे.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागच्या दारानं गेले. हातात एक साडी घेतली होती, कुणी विचारलं तर सांगायला.

"या पावणं," ती म्हणाली. "पुढच्या दाराला काय काटं लागल्यात व्हय?"

मला रडूच फुटलं.

"भाभी, माझं नाव का न्हाय सांगितलंस?"

"माझ्या पोरी कवाच सासरी गेल्या. तुझी जायची हाय अजून. बस खाली. चहा टाकते."

माझ्या पोरीच्या लग्नातल्या सगळ्या साड्यांचे फॉल भाभीनंच लावले. पत्रिका द्यायला मात्र मी पुढच्या दारानं गेले.

ती लग्नाला आली नाही. नंतर म्हणाली, "फोटो निघत्यात गं. तुझ्या व्याह्यांनी वळखलं असतं तर?"

लग्न झाल्यावर मला अडवणारं काही उरलं नव्हतं. तरी मी आज टाकते, उद्या टाकते करत राहिले.

मग भाभीला हार्टचा त्रास झाला. दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही.

तिनं फॉल लावलेली हिरवी साडी अजून कधीमधी देवीला नेसवतात. त्या दिवशी मी आरती म्हणते, पण मला वर बघवत नाही.

फोन भरला तेव्हा पोरीच्या लग्नातले फोटो पुसले. हा तुकडा पुसला नाही.

आज तो खाली टाकते आहे. आवाज नीट आला नाही तर वाचा. भाभी म्हणते,

"असं मला त्या दुकानातला माणूस तोंडावर बोलला, बायांनो! तुमच्या देवीबद्दल! मी मुसलमानाची बाई, पण माझ्या अंगावर काटा आला. तिच्या साडीला माझा हात लागलाय. तुम्हास्नी कायच वाटत न्हाय व्हय?"

त्यावर कॅमेऱ्याच्या मागून एक बाई सगळ्यांच्या वर ओरडते, "वाटतं की! भाभी, आमी हाय तुझ्यामागं!"

ती मी.

सकाळी पूजा झाल्यावर मालकांना सांगितलं, आज टाकते म्हणून. ते उठले आणि दाराला आतून कडी घातली.

मी ती काढली.

दार उघडं ठेवून हे लिहिते आहे. समोर भाभीचं दार दिसतं. त्याला कुलूप आहे.

भाभी, व्हिडिओ कुणी काढला ते आता सगळ्यांना ठाऊक हाय. तू निवांत झोप.

तुझ्या सुरेखाची, उशिरा आलेली, भावपूर्ण श्रद्धांजली.