कॅनडातलं बारसं आणि गच्चीवरची द्राक्षं

माझ्या एकुलत्या एका भाचीचं नाव मी ठेवलेलं नाही. ही गोष्ट इंदिरानगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. का ठेवलेलं नाही, हेही सगळ्यांना माहीत आहे, कारण त्या वेळी निम्मी बिल्डिंग माझ्या हॉलमध्ये बसली होती आणि उरलेली निम्मी लगेच धावत आली होती!

नितीन माझा धाकटा भाऊ. तो आणि त्याची बायको केतकी कॅनडात असतात. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांना मुलगी झाली, तेव्हा आनंद त्यांना झाला असेल त्याहून जास्त मला झाला. कारण बारसं म्हणजे आत्याचा मान! बाळाच्या कानाशी वाकायचं, ‘कुर्रर्र’ करायचं, नाव सांगायचं आणि मागून बायकांचे पाठीत बुक्के खायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाठीत मी जीव तोडून बुक्के घातले होते. (गायकवाड वहिनींना त्यांच्या भाच्याच्या बारशानंतर शेक घ्यावा लागला होता, असं त्या अजून सांगतात.) आता माझी पाळी होती.

विमानाने जाणं काही जमण्यासारखं नव्हतं. मग ठरलं, की आपल्याकडे संध्याकाळ आणि तिकडे सकाळ असताना व्हिडिओ कॉल लावायचा, नितीनने फोन बाळाच्या कानाशी धरायचा आणि मी नाशकातून नाव सांगायचं.

“ताई, नाव निदान मला तरी सांगून ठेव,” नितीन म्हणाला.

“मुळीच नाही! आधीच सांगितलं तर आत्या कशाला हवी?”

“अगं, मी बाप आहे तिचा!”

“मग बापासारखा गप्प बस.”

तेवढ्यात पडद्यावर केतकीची बहीण शर्वरी डोकावली. ही तिथेच जवळच्या गावात राहते. “ताई, माझ्याकडेही एक मस्त नाव आहे हं. बॅकअप म्हणून!” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आत्या जिवंत असताना मावशीने बॅकअप ठेवायचा?

नेमक्या त्याच आठवड्यात निफाडच्या मामांनी द्राक्षांचे क्रेट धाडले. मण्यांचा आकार बारीक राहिला म्हणून व्यापाऱ्याने नाकारलेला माल. सोबत घड कापायची कात्रीसुद्धा! एवढी द्राक्षं खाणार कोण? मी मामांना फोन लावला.

“बेदाणे कर की!” मामा म्हणाले. “लय सोपं हाय. उकळत्या पाण्यात बुचकळायचे अन् सावलीत टांगायचे. केतकीच्या लाडवात घालायला होतील.”

बाळंतिणीच्या लाडवात आत्याच्या हातचे बेदाणे! मला ही कल्पना इतकी आवडली, की मी लगेच गच्चीवर गेले. दोरी शोधायला लागले, तर समोर पाण्याच्या टाकीच्या सावलीतून एक काळी वायर आडवी गेलेली. छान हाताशी येईल एवढ्या उंचीवर. आमच्या गच्चीवर अशा वायरी खूप आहेत. पूर्वी टीव्हीची केबल द्यायला येणारे लोक धंदा सोडून गेले आणि वायरी आम्हाला आठवण म्हणून ठेवून गेले. त्यातलीच ही एक मेलेली वायर, असं मी ठरवलं. (कुणाला विचारलं नाही. सोसायटीची सेक्रेटरी मी, मी कुणाला विचारणार?) सुतळीने घडांच्या जोड्या बांधल्या आणि वायरीच्या दोन्ही बाजूंना लोंबत सोडल्या. इतकं सुरेख दिसत होतं, की मी फोटो काढून बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. मग कुणी तोंडात टाकू नये म्हणून गच्चीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवसापासून घरातलं इंटरनेट जायला लागलं.

म्हणजे पूर्ण जात नव्हतं. डबीवरचा हिरवा दिवा मधेच लाल व्हायचा, पुन्हा हिरवा व्हायचा. (ग्रुपवर एक-दोघांची कुरकुर होती, पण बारसं माझ्याकडे होतं, मला माझ्याच दिव्याचं पडलं होतं.) मी कंपनीच्या नंबरावर फोन लावला. आधी बराच वेळ सनई ऐकवली. मग एक मुलगी आली.

“मॅडम, बॉक्स बंद करून चालू केलात का?”

“केला.”

“पुन्हा एकदा कराल का?”

“बाई, माझ्या भाचीचं बारसं आहे हो!”

“अभिनंदन मॅडम. बॉक्स बंद करून चालू कराल का?”

शेवटी त्यांनी संतोषला पाठवलं. संतोष आमच्या भागातला केबलवाला, मूळचा सिन्नरकडचा, गोड बोलणारा. तो आला तेव्हा दिवा हिरवागार! तो गेला, जिन्याखाली पोचला असेल-नसेल, दिवा लाल! पुन्हा बोलावलं, पुन्हा हिरवा. मला तो दिवा लबाड वाटायला लागला.

“काकू, वरची लाइन बघावी लागंल. गच्चीची किल्ली द्या,” संतोष म्हणाला.

“वर काही नाही. वर माझं वाळवण आहे. घरातलं बघ!”

“आवो पण काकू...”

“घरातलं बघ म्हटलं ना!”

याच सुमारास मला एक शोध लागला. माझी आई बारशासाठी सिन्नरहून येऊन राहिली होती. आई हॉलमध्ये बसलेली असली, की नेट धडधडीत चालायचं. ती उठून वर द्राक्षं उलटीपालटी करायला गेली, की दिवा लाल. परत खाली येऊन बसली, की हिरवा. मी थक्क झाले. किती वेळा पाहिलं, दर वेळी तेच!

“आईचा पायगुण!” मी आमच्या ह्यांना सांगितलं. “ती घरात असली की नेट राहतं.”

“अगं, असं कसं असेल?” हे म्हणाले. “दुसरं काहीतरी कारण असणार.”

“तुम्हाला माझ्या माहेरचं कौतुकच नाही!” असं मी म्हटल्यावर ते गप्प झाले. गप्प झाले नसते तर पुढचं सगळं टळलं असतं, त्यामुळे यात थोडी चूक त्यांचीही आहे.

बारशाच्या दिवशी मी कसलाच धोका पत्करला नाही. मी पैठणी नेसले, आईलाही पैठणी नेसवून इंटरनेटच्या डबीशेजारी खुर्चीत बसवलं.

“आता इथून हलायचं नाहीस.”

“अगं, पण द्राक्षं...”

“द्राक्षं गेली खड्ड्यात. तू हललीस की नेट गेलं!”

शिवाय संतोषला बोलावून सोफ्यावर बसवलं आणि हातात पेढे दिले. त्याला बाकीची कामं होती. “काकू, मी खरंच जाऊ का?” असं तो अधूनमधून विचारत होता आणि मी त्याच्या ताटलीत आणखी एक पेढा ठेवत होते. गायकवाड वहिनी आणि शेजारच्या बायका बाह्या सावरून माझ्या मागे उभ्या राहिल्या. टीव्हीवर कॉल लागला. समोर नितीन, केतकी, पाळण्यात माझी भाची! चित्र इतकं स्वच्छ, की बाळाच्या गालावरचं काजळाचं बोट दिसत होतं. दिवा हिरवा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पाळणा म्हणून झाला. आता नाव. आणि तेवढ्यात निफाडहून मामांचा फोन!

“पोरी, इकडं टपोरे थेंब पडायला लागले! ढग तुमच्याकडंच सरकलेत. द्राक्षं झाकली का?”

ऐन मार्चमध्ये अवकाळी! भिजली तर सगळी सडणार. बाळंतिणीचे लाडू! आईला पाठवण्याची सोय नव्हती. मी ह्यांच्या हातात किल्ली कोंबली.

“अहो, पळा! द्राक्षं काढून आणा!”

“अगं, एवढ्या गाठी सोडायच्या म्हणजे...”

“गाठी कसल्या सोडत बसता? मामांची कात्री घ्या आणि वायरीसकट कापून आणा! मेलेलीच वायर आहे ती!”

हे पळाले. (हे सगळं कॅनडात ऐकू जात होतं, हे मला मागाहून कळलं.) मी पदर सावरला, टीव्हीसमोर वाकले. नितीनने फोन बाळाच्या कानाशी नेला.

“कुर्रर्र...”

पडद्यावरचा नितीन तोंड उघडं ठेवून थिजला. केतकी अर्धे डोळे मिटून थिजली. शर्वरी पाळण्याकडे वाकलेली होती, ती तशीच वाकून राहिली. डबीवरचा दिवा लाल झाला.

“आई! हललीस?”

“नाही गं! श्वास पण रोखून धरलाय!”

मागच्या बायकांना यातलं काही कळलं नव्हतं. त्यांनी ‘कुर्रर्र’ ऐकलं आणि माझ्या पाठीत बुक्क्यांचा वर्षाव सुरू केला.

“अहो थांबा! नेट गेलंय!”

धप्प! धप्प! “नाव सांगा, नाव!”

“कुणाला सांगू? तिकडे कोणी नाहीये!” मी ओरडले. गायकवाड वहिनींनी तरीही जुना हिशोब म्हणून आणखी दोन घातले.

मग मी संतोषकडे वळले. त्याच्या तोंडात अर्धा पेढा होता. इतक्या दिवसांचा राग एकदम वर आला. “बघितलंस? तुझ्या डोळ्यांदेखत गेलं! हीच तुमची सर्व्हिस? एका आत्याचा मान घेतलात तुम्ही! ग्राहक मंचात खेचते की नाही बघ! अख्खी बिल्डिंग साक्षीला आहे!”

“खरंय!” अख्खी बिल्डिंग म्हणाली.

त्याच क्षणी दारात हे उभे राहिले. केसांतून पाणी निथळतंय, चेहऱ्यावर विजयी हसू, आणि गळ्यात, खांद्यावर, दोन्ही हातांवर ती काळी वायर, द्राक्षांच्या घडांसकट! सत्यनारायणाच्या पूजेला केळीचा खांब सजवतात, तसे दिसत होते.

“एक मणी भिजू दिला नाही,” हे म्हणाले. “पण चिवट होती गं वायर! दोन्हीकडून कापताना कात्रीची धार गेली.”

संतोष उठला. त्याने वायरीचं कापलेलं टोक हातात घेतलं. तोंडातला पेढा गिळला. आधी त्या टोकाकडे बघितलं, मग लाल दिव्याकडे, मग माझ्याकडे.

“काकू,” तो अगदी हळू म्हणाला, “ही मेलेली नव्हती वो. आता मेली.”

मी आईकडे पाहिलं. आई रोज वर जाऊन घड उलटेपालटे करायची तेव्हा नेमकं काय हलत होतं, ते मला त्या क्षणी समजलं. पायगुण कसला! आई खाली बसली, की वायरीला विश्रांती मिळत होती, एवढंच.

“आणि काकू, ही एकट्या तुमची नाय,” संतोष म्हणाला. “सगळ्या बिल्डिंगची हाय.”

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत जिन्यात दारं उघडल्याचे आवाज यायला लागले. कुणाची मॅच गेली होती, कुणाच्या मुलाची परीक्षा अर्ध्यावर तुटली होती, कुणाच्या साहेबांची मीटिंग. ‘सेक्रेटरी बाई, नेट गेलं, कंपनीला जरा झापा!’ असं म्हणत सगळे वर आले आणि दारातल्या ह्यांना पाहून जागच्या जागी उभे राहिले.

मी मोबाइल घेऊन गच्चीकडे धावले. आमच्या हॉलमध्ये मोबाइलवर साधा फोन येतो, पण नेटला रेंज मिळत नाही. मिळाली असती तर एवढं रामायण कशाला झालं असतं? पावसात, पैठणीत, टाकीच्या आडोशाला उभी राहून नितीनला फोन लावला. अखेर एकदाचा लागला.

“नितीन, धर फोन कानाशी! लवकर!”

नितीन चाचरत म्हणाला, “ताई... अगं, मुहूर्त चालला होता. तू परत येईनास. नाव कुणालाच माहीत नव्हतं. मग शर्वरीने...”

“काय ठेवलं?”

“कायरा.”

मला खरंच रडू आलं. गोदावरीच्या काठावर राहणारी मी, मनात गोदावरीचंच ‘गौतमी’ हे नाव कितीतरी महिने जपलं होतं. कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा. एकाला जरी सांगितलं असतं, तरी भाची आज गौतमी असती.

नितीनने फोन बाळाच्या कानाशी धरला, मीही ‘गौतमी’ म्हटलं. पण तोपर्यंत कायरा झोपून गेली होती. आई मात्र व्हिडिओ कॉलवर तिला अजून गौतमी म्हणूनच हाक मारते, आणि ती आईकडे बघून हसते. शर्वरीने हाक मारली तरी तेवढीच हसते, हे मी कुणाला सांगत नाही.

बेदाणे छान झाले. ते लाडवांतून कॅनडाला पोचले आणि शर्वरीने सगळ्यांत जास्त खाल्ले, असं कळलं. संतोषने नवी वायर गच्चीच्या कठड्यालगत पाइपातून नेली. जाताना तो मला हात जोडून म्हणाला, “काकू, हिच्यावर काय बी टांगू नका.” मीही हात जोडले. ग्राहक मंचाचा विषय कुणी काढला नाही.

त्यानंतर नेट उत्तम चाललं. मागच्या आठवड्यात मात्र अचानक दिवा लाल! मी चवताळून संतोषला फोन लावला. “संतोष, पुन्हा तेच! सकाळपासून नेट नाही. काय चालवलंय काय तुम्ही लोकांनी?”

बॉक्स बंद करून चालू केला का, असं त्याने विचारलं नाही. तो फक्त एवढंच म्हणाला, “काकू, आज वर काय वाळत घातलंय?”

मी फोन ठेवला, किल्ली कमरेला खोचली आणि कुणाला चाहूल लागू न देता गच्चीवर जाऊन कठड्यावरची ओली गोधडी काढून आणली.