दत्तूची छत्री

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायको गेली तेव्हा तिच्या उशाशी बसलो होतो, तिलाही नाही. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही — तेच बरं आहे. ओळखीच्या माणसापुढे माझी मान वाकत नाही. जुनी खोड आहे.

मी चौथी पास. गिरणीत, साचाखात्यात, मागांवर उभा जन्म गेला. पण अक्षर असं की लालबागच्या आमच्या चाळीचा फळा दुसऱ्या कुणाच्या हातात मी कधी जाऊ दिला नाही. खाली नळाच्या शेजारी भिंतीवर तो टांगलेला असायचा. कुणाची अंत्ययात्रा किती वाजता, भजन कुणाच्या खोलीत, मोर्चा कुठून निघणार, सगळं माझ्या खडूने. संयुक्त महाराष्ट्राची वर्षं ती, फळा कोरा राहायचाच नाही. फक्त रविवार माझा. रविवारी मी गोष्ट लिहायचो. माझी स्वतःची, कुठून उचललेली नाही. फळ्यावर मावेल एवढीच. बाईचा हंडा भरेपर्यंत वाचून झाली पाहिजे. आणि नियम एकच — फळ्याच्या वरच्या टोकाला जो माणूस असतो, तो खालच्या टोकाला तसाच राहता कामा नये. चिक्कू असेल तर त्याचा हात सुटला पाहिजे. भांडखोर असेल तर गप्प झाला पाहिजे. बदलला नाही तर ती गोष्ट कसली? ती नोटीस झाली.

लोक वाचायचे हो. दुसऱ्या चाळीतून येऊन वाचायचे. शिकलेल्या माणसाला जमणार नाही असं मी दहा ओळींत करायचो. आजही म्हणतो.

आता दत्तू. दत्ताराम, मालवणकडचा, माझ्या शेजारच्या खोलीतला. मितभाषी माणूस. त्याची एक लकब होती. काळी छत्री, तिची मूठ सदऱ्याच्या कॉलरला मागून अडकवायची आणि हात मोकळे सोडून चालायचं. पावसाळा असो नसो. थंडीतही छत्री पाठीवर लोंबायचीच. पोरं ओरडायची, "दत्तूकाका, पाऊस दिल्लीत पडतोय, इथे नाय!" तोही हसायचा. लांबून पाठ दिसली तरी कळायचं, दत्तू चालला.

त्या दिवशी आमच्या चाळीतून मोर्चाला बरेच जण निघालो. झेंडा माझ्याकडे. मीच मागून घेतला होता. निघताना माझी बायको दत्तूला म्हणाली, "भावजी, यांच्याकडे लक्ष असू द्या. डोक्यात राख घालून घेतात." मला राग आला. माझ्याकडे लक्ष? मी कुणाला घाबरणारा माणूस होतो का?

गिरगावात आलो आणि गोळीबार सुरू झाला.

इथे मी नेहमी थांबतो. मनातल्या मनात सांगतानाही इथेच थांबतो.

झेंडा मी टाकला. पळालो. खोताच्या वाडीत शिरलो, एका लाकडी घराच्या बाहेरच्या जिन्याखाली घुसलो आणि गुडघ्यात डोकं घातलं. घरातल्या म्हाताऱ्या बाईने खिडकीतून पाहिलं, काही न विचारता पाण्याचा तांब्या खाली दिला. निम्मं पाणी मी अंगावर सांडलं. थोड्या वेळाने जिन्यासमोर पाय आले. दत्तूचे. मला शोधत आला होता. त्याने वाकून पाहिलं, हात पुढे केला. मी मान हलवली, नाही. तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला, कुणाला आत दिसू नये असा. छत्री पाठीवर. सगळं शांत होईपर्यंत तो तिथे बसून होता.

तो तसा बसलेला असतानाच आमच्या चाळीतला बबन, डोकं फुटलेला, वाडीतून पळत गेला. त्याला काय दिसलं? पायरीवर बसलेला दत्तू. मी नाही दिसलो.

चाळीत येऊन मी सांगितलं की पार पुढे होतो, झेंडा पोलिसांनी हिसकावला. कुणी शंका घेतली नाही. दत्तू बाजूला उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि खोलीत गेला.

पुढच्या रविवारी फळा समोर आला. डोक्यात दुसरं काही येईना. मी लिहिलं: मोर्चातून पळालेला एक माणूस वाडीत लपतो. एक म्हातारी त्याला पाणी देते, आणि तेवढ्या घोटाने त्याला स्वतःची लाज वाटते. तो उठतो, परत जातो, पडलेला झेंडा उचलतो. चांगली गोष्ट होती. माझीच होती ती. मी जे करायला हवं होतं ते फळ्यावर तरी करावं, असं वाटलं. पण कुणी ओळखलं तर? म्हणून त्या माणसाला माझ्यासारखं काही दिलं नाही. दुसरं काहीतरी द्यायला हवं होतं. मी त्याच्या कॉलरला मागे छत्री अडकवली.

ओघात लिहिलं गेलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. खडू तिथे थांबला होता. बबनने काय पाहिलं ते मला ठाऊक होतं, त्यावर नळावर चाललेली कुजबुज मी ऐकली होती. आणि तरी लिहिलं.

दुपारपर्यंत चाळ हसत होती. "काय दत्तू, पाणी गार होतं का रे म्हातारीचं?" बबनने पट्टी बांधलेल्या डोक्याने सगळ्यांदेखत विचारलं. दत्तू फळ्यासमोर उभा राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होता. ती गोष्ट कुणाची, हे त्या गर्दीत त्याला एकट्यालाच माहीत होतं. त्याने तोंड उघडलं असतं तर माझं काय राहिलं असतं? मी बाजूला खडूचे हात पुसत उभा. तो माझ्याजवळ आला, हळू बोलला, "गोष्ट बरी लिवलंस. छत्री तेवढी माझी आसा."

बस. एवढंच. आणि मी? मी म्हटलं, "गोष्टच आहे रे. मनाला लावून घेऊ नकोस."

संध्याकाळी ओल्या फडक्याने फळा पुसला. फळ्यावरचं गेलं. दत्तूवरचं नाही गेलं. त्याने छत्री कॉलरला अडकवणं सोडलं, काखेत दाबून न्यायला लागला, मग नेईनासाच झाला. पावसात भिजत गिरणीच्या पाळीला जायचा. पोरं त्याला काका म्हणायची बंद झाली.

महाराष्ट्र झाला त्या सकाळी चाळीत झेंडा लावायचा होता. जो गोळीबारात पुढे होता त्याच्याच हातून, असं सगळ्यांनी ठरवलं. मला बोलावलं. मी गेलो. दोरी ओढली. टाळ्या झाल्या. मागे, जिन्याच्या कठड्याशी, दत्तूही टाळ्या वाजवत होता. खऱ्या. मला ऐकू येत होत्या.

तो कधी बोलला नाही. का, ते मी विचारलं नाही. पुढे गावी गेला, तिकडेच वारला. बातमी आली तेव्हा फळ्यावर त्याचं नाव मीच लिहिलं, सुंदर अक्षरात.

मला माफी मागता येत नाही, आणि ऐकायला तो नाहीही. एक गोष्ट तेवढी नीट लिहून ठेवतो, त्याची छत्री काढून.

एक माणूस मोर्चातून पळाला आणि वाडीत जिन्याखाली लपला. त्याचा शेजारी त्याच्यासाठी पायरीवर बसून राहिला. माणूस घरी आला आणि म्हणाला, पायरीवर बसलेला तो भित्रा.

संपली. माणूस बदलत नाही हिच्यात. फळा असता तर खाली बरीच जागा कोरी राहिली असती.