डॉक्टरांच्या कॅमेऱ्यातला एक फोटो

१४ नोव्हेंबरला संध्याकाळी चिटणिसांनी फोटो लॅबच्या काउंटरवर चार हजार सहाशे ऐंशी रुपये मोजून ठेवले. अठरा सभासद, प्रत्येकाचा एक आवडता फोटो, दर फोटोला दोनशे साठ. लॅबवाल्याने नोटा न मोजताच गल्ल्यात टाकल्या. चिटणिसांचे पैसे तो कधीच मोजत नसे, आणि त्याचाही चिटणिसांना राग येई.

हे चिटणीस म्हणजे हौशी छायाचित्रकारांच्या मंडळाचे. नोकरी पाणीपुरवठा खात्याच्या भांडारात, तेहेतीस वर्षे. फोटोचा नाद त्यांना नोकरीनेच लावला. एकदा एका पुरवठादाराने तडे गेलेले पाइप पाठवले आणि वर पुरावा मागितला. साहेबांनी खात्याचा कॅमेरा यांच्या हातात कोंबला. यांनी एकेका तड्याचा असा स्वच्छ फोटो काढला, की पुरवठादाराने हूं की चूं न करता सगळा माल बदलून दिला. तेव्हापासून स्वतःचा एक जुना कॅमेरा घेऊन ते रविवारी बाहेर पडू लागले.

मंडळाचे चिटणीसपद मात्र त्यांनी मागितले नव्हते. आयुष्यात एकदाच सभेला दहा मिनिटे उशिरा पोचले, तेवढ्यात बाकीच्यांनी एकमताने त्यांना चिटणीस करून टाकले होते. त्याला आता नऊ वर्षे झाली.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत मंडळ भरे. रीत अशी, की एकेकाने आपला एक फोटो पडद्यावर दाखवायचा आणि त्यामागची गोष्ट पाच मिनिटांत सांगायची. ती पाच मिनिटे मोजायला चिटणिसांनी घरून स्वयंपाकघरातले घंटेचे घड्याळ आणले होते. घंटा वाजली की सगळे समजूतदारपणे माना डोलवत आणि बोलणारा बोलतच राही. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्या फक्त फुले काढत, आणि त्यांची प्रत्येक गोष्ट "काल हे फूल इथे नव्हतं" अशी सुरू होई. तरी बाई परवडल्या. खरा ताप होता दातांच्या डॉक्टरांचा. हा गृहस्थ दिवसभर लोकांच्या तोंडात हत्यारे घालून त्यांना गप्प बसवी आणि स्वतःचे सगळे बोलणे शनिवारसाठी साठवून ठेवी. कॅमेरा मंडळात सर्वांत महाग. अंगात अकरा खिशांचे जाकीट, आणि त्यातल्या कुठल्या खिशात काय आहे हे त्यालाही ठाऊक नसे.

फोटोचे प्रकरण सुरू झाले ते मार्चच्या सहलीत. नदीच्या धक्क्यावर सकाळी पैलतीराहून नाव येते, ती टिपायची असे ठरले होते. चिटणिसांचा कॅमेरा निघतानाच मेला होता, कारण रात्री चार्जिंगला लावला असताना बायकोने प्लग काढून इस्त्री लावली आणि परत लावायला विसरली. त्यामुळे ते रिकाम्या हाताने सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत उभे होते. नाव धक्क्याला लागत आली, आणि डॉक्टरांचा उजवा पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला.

"धरा हो जरा," म्हणून त्यांनी कॅमेरा चिटणिसांच्या हातात दिला. "पट्टा गळ्यात घाला आधी! पाडलात तर घर विकावं लागेल तुम्हाला."

डॉक्टर बाजूला उकिडवे बसून काडीने बुटाचा चिखल खरवडू लागले. त्याच क्षणी नावाड्याने दोर फेकला. दोर हवेत गेला, त्याचा एक मोठा फास उघडला, आणि त्या फासाच्या बरोबर मध्ये नावेत बसलेल्या एका म्हातारीचा चेहरा आला. चिटणिसांनी बटण दाबले. एकदाच. मग डॉक्टर उठले, कॅमेरा घेतला, आणि दोर खुंटाला बांधून झाल्यावर त्याचे तीसेक फोटो काढले.

चिटणीस तेव्हा काही बोलले नाहीत. दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातून न विचारता फोटो काढणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास उचलण्यासारखे, असे त्यांना वाटले. शिवाय फोटो आला की हलला, हे तरी कुठे माहीत होते?

फोटो आला होता. जुलैच्या सभेत डॉक्टरांनी तो पडद्यावर लावला आणि खोलीतली खुर्चीसुद्धा करकरली नाही. हवेत थांबलेला दोर, त्यात तो सुरकुतलेला, किंचित हसरा चेहरा. नऊ वर्षांत मंडळाने असा फोटो पाहिला नव्हता.

"तासभर दबा धरून बसलो होतो," डॉक्टर म्हणाले. "हात अवघडला. पण मनात म्हटलं, आज दोर उघडल्याशिवाय हलायचं नाही."

चिटणिसांनी हातातले घड्याळ खाली ठेवले. "डॉक्टर, हा बहुतेक मी काढला. तुमचा बूट चिखलात गेला होता बघा, तेव्हा..."

"बूट? कसला बूट?"

"उजव्या पायाचा."

"अहो, कॅमेरा कोणाचा?" डॉक्टर हसले, आणि त्यांच्याबरोबर सगळे हसले.

माणूस खोटे बोलत असता, तर चिटणिसांना भांडता आले असते. पण डॉक्टर खोटे बोलत नव्हते. ते बूट साफ विसरले होते, आणि आपण दबा धरून बसलो होतो यावर त्यांचा मनापासून विश्वास बसला होता. ऑगस्टमध्ये लोकाग्रहास्तव गोष्ट पुन्हा झाली, तेव्हा तासाचे दोन तास झाले. ऑक्टोबरपर्यंत डॉक्टर पहाटे चारपासून धक्क्यावर होते, आणि त्यांनीच नावाड्याला खूण केली होती. दर वेळी घंटा वाजवायचे काम चिटणिसांचे.

आता वार्षिक प्रदर्शन आले होते. डॉक्टरांचा आवडता फोटो अर्थातच तो. चिटणिसांनी स्वतःचा म्हणून भांडारातल्या पाइपांच्या तोंडांचा एक फोटो दिला होता, कारण काहीतरी द्यायचे म्हणून. आणि मंडळाची दुसरी रीत अशी, की फोटोखाली लावायच्या चिठ्ठ्या चिटणिसांनीच लिहायच्या, कारण अक्षर त्यांचे चांगले. म्हणजे आपल्या फोटोखाली दुसऱ्याचे नाव आपल्याच हाताने, आणि तेही वळणदार अक्षरात लिहायचे.

घरी जेवणाच्या टेबलावर अठरा फोटो मांडून ते लिहायला बसले. सतरा चिठ्ठ्या झाल्या. अठरावीपाशी पेन अडले.

"लिहून टाका ना एकदाचं," बायको म्हणाली. "चार महिने या घरात दुसरा विषय नाही."

"तू प्लग काढला नसतास तर हा विषयच निघाला नसता."

"प्लग काढला म्हणून तर त्यांचा कॅमेरा हातात आला तुमच्या. माझे उपकार मानायचे सोडून..." ती फोटो बाजूला सरकवून टेबल पुसू लागली. मग थांबली. "अहो, हाच एक आखूड का? बाकीचे सगळे सारखे आहेत. दातवाल्यांनी पैसे कमी दिले की काय?"

चिटणिसांनी चष्मा वर केला. सतरा फोटो एका मापाचे होते, आणि हा डावीकडून चांगला चार बोटे कमी होता. स्वतः भांडारात माल मोजून घेणारा माणूस, आणि हे आपल्या नजरेतून सुटावे याचा त्यांना पहिला संताप आला. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ते थेट लॅबमध्ये गेले.

"हा कापलाय का?"

"डॉक्टरांनीच जुलैत, सभेत दाखवायच्या आधीच, कापून घेतला," लॅबवाला म्हणाला. "डाव्या कोपऱ्यात कोणीतरी उकिडवा बसलेला होता. म्हणाले, 'हे ध्यान काढून टाका, सगळी शोभा घालवतंय.'"

"मूळ फोटो आहे तुझ्याकडे?"

लॅबवाल्याने संगणकावर फोटो उघडला. कोपऱ्यात पाठमोरे ध्यान बसले होते. एक मोजा खाली सरकलेला, हातात काडी, अंगात जाकीट. पाठीवरही दोन खिसे, आणि एकातून लेन्स पुसायचे पिवळे फडके लोंबत होते. चिटणीस इतक्या मोठ्याने हसले, की लॅबवाल्याने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिले.

माणसाला जगातल्या सगळ्यांच्या पाठी ओळखू येतात, फक्त स्वतःची येत नाही.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी अध्यक्षबाईंच्या घरी बैठक झाली. चिटणिसांनी पूर्ण फोटोची प्रत टेबलावर ठेवली. बाईंनी ती जवळ धरली, लांब धरली, आणि मग डॉक्टरांच्या अंगातल्या जाकिटाकडे पाहिले.

"डॉक्टर, जरा उठून पाठ करा बघू."

"बाई, हा काय पोरखेळ?"

"मी म्हणते म्हणून करा."

पस्तीस वर्षे वर्गावर हुकमत गाजवलेला आवाज तो. डॉक्टर उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पिवळे फडके आजही लोंबत होते.

"बसा," बाई म्हणाल्या. "तुम्ही फोटोत आहात. मग फोटो काढला कोणी?"

डॉक्टरांनी प्रत हातात घेतली. बराच वेळ पाहिली. "बूट," ते हळूच म्हणाले. "हो, बूट गेला होता खरा." चिटणिसांना वाटले, झाले, संपले एकदाचे. पण डॉक्टरांनी दम घेतला होता इतकेच. "तरीसुद्धा बाई, कॅमेरा माझा. सेटिंग मी करून ठेवलेलं. धक्क्यावरची जागा मी निवडलेली. यांनी काय केलं? नुसतं बोट दाबलं."

"तुम्ही दात उपटता," चिटणीस म्हणाले, "त्याचे पैसे पक्कड बनवणाऱ्याला पाठवता का?"

"पक्कड वेगळी!"

"कशी वेगळी?"

"अहो, त्याला शिक्षण लागतं!"

"मला नऊ वर्षं तुमच्या गोष्टी ऐकाव्या लागल्या. ते शिक्षण कमी आहे का?" चिटणिसांचा आवाज चढला. एरवी तो कधी चढत नसे, त्यामुळे तो चढला की चिरके. "चार वाजल्यापासून बसला होतात म्हणे! साडेसातला मी तुम्हाला दारातून हाका मारून उठवलं! नावाड्याला खूण केलीत म्हणे! खूण कशानं केलीत, काडीनं?"

बाई हसू दाबायला स्वयंपाकघरात गेल्या. परत आल्या तेव्हा निर्णय घेऊनच आल्या. फोटो चिटणिसांचा. चिठ्ठीवर नाव त्यांचे. आणि लावायचा तर पूर्णच लावायचा, कापलेला नाही.

"पूर्ण?" डॉक्टर दचकले. "माझे पेशंट येतात प्रदर्शनाला. हे असं... मोजा खाली आलेला..."

"मूळ फोटो असाच आहे," चिटणीस म्हणाले. खरे तर त्यांना आता तो पूर्णच जास्त आवडू लागला होता. नदीवर असे काही घडत असताना एक माणूस त्याच्याकडे पाठ करून बूट साफ करतो आहे, हे त्या फोटोत असायलाच हवे होते. पण ते त्यांनी डॉक्टरांना सांगितले नाही. सांगितले असते तर पुढच्या सभेत ती डॉक्टरांची कल्पना झाली असती.

त्या संध्याकाळी त्यांनी अठरावी चिठ्ठी लिहिली. तीन वेळा लिहिली. बायकोने ती उचलून उजेडात धरली. "बरं आलंय," म्हणाली, आणि जपून परत ठेवली.

प्रदर्शन रविवारी सकाळी उघडले. चिटणीस इस्त्रीचा सदरा घालून फोटोशेजारी उभे राहिले. लोक थांबत, चिठ्ठी वाचत, मान डोलवत. एक बाई म्हणाली, "वा! हा कसा मिळाला हो तुम्हाला?"

चिटणीस चार महिने याच प्रश्नाची वाट पाहत होते. त्यांनी घसा साफ केला. "आमच्या डॉक्टरांचा बूट चिखलात गेला. त्यांनी कॅमेरा धरायला दिला. मी बटण दाबलं."

"हो का?" बाई म्हणाली. थोडा वेळ पुढच्या वाक्याची वाट पाहून ती फुलांकडे गेली.

पुढच्या तिघांनाही तेच सांगितले, कारण तेच घडले होते. पाच मिनिटांची परवानगी, आणि गोष्ट दहा सेकंदांत संपत होती. मग ते चहाची व्यवस्था पाहायला खाली गेले, कारण ती पाहायला दुसरे कोणी नव्हते. वीस मिनिटांनी परत आले तर फोटोसमोर पंधरा-वीस माणसांचा घोळका.

"हा बसलाय ना कोपऱ्यात," आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, "तो मी! आता तुम्ही विचाराल, एवढा मोठा क्षण, आणि हा माणूस बसून काय करतोय? तर ऐका. चिखल साधासुधा नव्हता. गुडघ्यापर्यंत गेलो होतो मी!"

लोक खदखदून हसत होते. चिटणिसांनी घोळक्याबाहेरून, सवयीने बरोबर आणलेले घड्याळ उंच धरून घंटा वाजवली. सगळ्यांनी मागे वळून पाहिले, माना डोलवल्या, आणि डॉक्टर पुढे सांगू लागले. "आणि हे आमचे चिटणीस! या, या, पुढे या. मी वेळेवर कॅमेरा यांच्या हातात दिला म्हणून बरं!"

चिटणीस पुढे झाले नाहीत. घोळक्यातून वाट काढत एकेक जण चिठ्ठीशी वाकत होता आणि त्यांचे नाव वाचत होता, तेवढे त्यांनी मागे उभे राहून पाहिले. सात जणांनी वाचले. मग कोणीतरी चहात साखर नाही म्हणून ओरडले, आणि ते पुन्हा खाली गेले.

प्रदर्शन उतरवताना डॉक्टरांनी त्याच फोटोची एक प्रत दवाखान्यात लावायला मागितली. पूर्णच हवी, कापलेली नको, असे दोनदा बजावले. चिटणिसांनी लॅबमधून करून आणली, चौकटीत बसवून घेतली आणि मागे आपल्या नावाची चिठ्ठी डिंकाने पक्की चिकटवून दिली. डॉक्टरांनी ती पेशंटच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावली. त्या खुर्चीत बसणाऱ्याला तोंड उघडे ठेवून गोष्ट ऐकावी लागते.

प्रत आणि चौकट मिळून सहाशे दहा रुपये झाले. डॉक्टरांनी पाचशे दिले. एकशे दहा रुपये अजून यायचे आहेत.